राखणदार की आमिष?

गावाकडच्या घराच्या राखणीस कुत्रे कसे पाळावे, हा विषय वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात कशासाठी, अशी शंका आमच्या काही वाचकांस येईल. शंका रास्त आहे, पण तिचे उत्तरही फार लांब नाही. आमच्या वाचकांपैकी कितीतरी कुटुंबांनी गेल्या वीस वर्षांत जुन्नर, आंबेगाव, अकोले, मुळशी, कर्जत अशा बाजूंना चार-दहा गुंठे जागा घेऊन तीवर घरे उठविली आहेत. कितीकांची वडिलोपार्जित घरे तेथेच असून त्यांत वृद्ध मातापिता राहत आहेत. या घरांपैकी बहुतेकांच्या अंगणात एक खुंटी असते, खुंटीला साखळी असते आणि साखळीला कुत्रे असते. त्या कुत्र्याच्या भरवशावर आत निजणाऱ्या सुशिक्षित माणसांना आपण काय करून ठेविले आहे याची यथार्थ कल्पना नाही, असे आमचे मत झाले आहे. आणि ती नसण्याचा दोष बऱ्याच अंशी आपल्या कथाकादंबऱ्यांकडे जातो असेही आम्हांस वाटते. तेव्हा हा विषय येथे काढण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. बिबट्याच्या मुलखात रात्रभर उघड्यावर साखळीने जखडलेले एकटे कुत्रे राखणदार नव्हे. ते आमिष होय. वनखाते बिबट्या धरण्यासाठी पिंजरा लावते तेव्हा त्याच्या मागल्या कप्प्यात शेळी बांधते आणि पुढले दार उघडे ठेवते. अंगणातल्या कुत्र्याची व्यवस्था याहून निराळी कशी, हे कोणी आम्हांस समजावून द्यावे. फरक एवढाच की, पिंजऱ्यातल्या शेळीच्या व बिबट्याच्या मध्ये गज असतात, आणि कुत्र्याच्या नशिबी तेही नसतात.

हे बोलणे कित्येकांस कठोर वाटेल. पण ज्या अकोले तालुक्यात ऊस आणि माणसे यांचीच दाटी आहे, जेथे मोठे वन्य भक्ष्य जवळजवळ नाही, त्याच तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून त्याच्या आहाराचा हिशेब मांडला आहे. त्या हिशेबात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, म्हणजे सुमारे ३९ टक्के निघाला. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही शेळीचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. या दोन आकड्यांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. बिबट्याला शेळी आवडत नाही असे थोडेच आहे! शेळीचे मोल बाजारात ठरलेले आहे, म्हणून दिवसा तिच्यामागे माणूस असतो आणि दिवस मावळताच ती गोठ्यात, वाड्यात, बंद दाराआड जाते. कुत्र्याचे मोल कोणी ठरविले नाही. म्हणून ते बाहेर राहते. ज्याला आपण रक्षक म्हणतो ते उघड्यावर आणि ज्याचे रक्षण करावयाचे ते कडीकुलपात, अशी ही उलटी मांडणी आहे, आणि तिचा लाभ बिबट्या नेमका उठवितो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीही हीच कथा आहे. तेथील सुमारे ३५ बिबटे वर्षाकाठी दीड हजारांच्या घरात कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला.

बिबट्याची शिकार करण्याची रीत ज्यांनी पाहिली वा ऐकली आहे त्यांस साखळीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तो दबत येतो, शेवटची काही पावले झेपेत काटतो आणि गळा धरतो. गळा धरला की आवाज निघत नाही. मोकळे कुत्रे निदान पळू शकते, दाराला धडका देऊ शकते, गोठ्यात घुसू शकते. बांधलेल्याला साखळीच्या लांबीएवढेच जग. शिवाय ते भुंकते, म्हणजे आपण नेमके कोठे आहो हे ओरडून सांगते. घरातील माणसांना एक अर्धवट तुटलेला आवाज ऐकू येतो, कधी तोही येत नाही. सकाळी अंगणात रिकामी साखळी पडलेली असते. मग काय होते? आठ दिवस हळहळ होते आणि पंधराव्या दिवशी त्याच खुंटीला नवे पिल्लू येते. बिबट्याची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा बरी आहे. जेथे एकदा सुखाने भक्ष्य मिळाले ती जागा तो विसरत नाही. त्याच अंगणातून पहाटे म्हातारी परसाकडे जाते, त्याच अंगणात दिवेलागणीला पोर खेळत असते. कुत्रे गेल्याचे दुःख ज्यांस होत नाही त्यांनी निदान याचा तरी विचार करावा.

आता वाङ्मयाच्या दोषाकडे वळू. मराठी कथेतला कुत्रा जवळजवळ नेहमी मरतो, आणि मरताना धन्याचे मूल वाचवितो. वाचकांचे डोळे पाणावतात, लेखकाला दाद मिळते, आणि कुत्र्याचे कर्तव्य म्हणजे आपल्यासाठी मरणे ही समजूत आणखी एका पिढीच्या मनात ठसते. इमान या शब्दाचा इतका दुरुपयोग दुसऱ्या कोणत्या प्राण्याच्या बाबतीत झाला नसेल. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकावरून आपल्याकडे जी रणे माजतात त्यांतही चर्चा चालते ती एका कुत्र्याने चितेत उडी घेतली की नाही याची. कुत्र्याने जिवंतपणी काय काम केले याविषयी कोणीच बोलत नाही. आपल्या पूर्वजांची दृष्टी याहून निकोप होती. ऋग्वेदातील सरमा ही पणींनी दडविलेल्या गाईंचा माग काढते. तिचे काम शोधण्याचे आहे आणि ते करून ती परत येते. कर्नाटकातील आतकूर येथे इसवी सन ९४९-५० चा एक शिलालेख सापडला. तो आज बंगळूरच्या संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजविलेल्या मनलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून आपल्या धन्याजवळ जहागीर न मागता 'काळी' नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे त्या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही जागीच ठार झाले. मनलेराने कुत्र्याची शिळा उभारून तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. येथेही कुत्रे मेलेच, हे खरे; पण ज्याने ते रानडुकरावर सोडले त्याने त्याची किंमत मरणापूर्वीच ओळखली होती, इतका भेद आम्ही वाचकांच्या नजरेस आणून देऊ इच्छितो. आणि धर्मराजाचे काय? कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गाच्या दारातून आत जाण्याचे त्याने नाकारले. आपण रोज रात्री कुत्र्याला बाहेर ठेवून दिवाणखान्याच्या दारातून आत जातो आणि कडी लावतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो जातिवंत कुत्र्यांच्या कैवाऱ्यांकडून. ते म्हणतात, गावठी कुत्रे मरते, कारण ते गावठी असते. रॉटवायलर आणा, डॉबरमन आणा, मुधोळ आणा, मग पाहा. या म्हणण्याचा आम्ही स्पष्ट शब्दांत निषेध करतो, कारण ते अज्ञानमूलक तर आहेच, शिवाय त्यात एक व्यापार आहे. मुधोळचा, ज्याला आपल्याकडे कारवान म्हणतात तो, कुत्रा हा दख्खनचा अभिमान खरा. पण तो नजरेने शिकार हेरून वाऱ्याच्या वेगाने धावणारा प्राणी आहे. ससा धरण्यासाठी घडलेल्या त्या सडपातळ देहाला बिबट्यासमोर उभे करणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याला मोटेला जुंपण्यासारखे आहे. बाकीच्यांची गोष्ट वेगळी नाही. पन्नास-साठ किलोच्या, झाडावर चढणाऱ्या, अंधारात पाहणाऱ्या आणि आयुष्यभर मारूनच जगलेल्या जनावरापुढे कोणतेही एकटे कुत्रे, त्याची वंशावळ कितीही लांब असो, झुंजीत टिकावयाचे नाही. वंशावळ बिबट्याला वाचता येत नाही.

याच कैवाऱ्यांच्या शेजारी दुसरे एक शहाणे उभे असतात. त्यांच्या मते कुत्रे तापट करावयाचे तर त्याला तिखट चारावे, अंधाऱ्या खोलीत कोंडावे, परक्याकडून मार देववावा, कान कापावेत. हा सर्व क्रूर मूर्खपणा आहे. अशा रीतीने वाढलेले कुत्रे पोस्टमनला, दूधवाल्याला, शेजारच्या मुलाला चावते. रात्री ऊस खसखसला की तेच शेपूट घालून कोपऱ्यात बसते. भ्याडपणा आणि चावरेपणा ही जुळी भावंडे आहेत, हे ज्याने चार कुत्री पाळली आहेत त्याला ठाऊक असते. सरकारची दृष्टीही या बाबतीत फार पुढे गेलेली दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने २३ जातींची कुत्री 'धोकादायक' ठरवून त्यांची आयात व विक्री थांबविण्याचे फर्मान काढले. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने पुढल्याच महिन्यात ते रद्द केले. त्या यादीत तुर्कस्तानचा कांगल आणि बाल्कन प्रदेशातला शारप्लानिनात्स हेही होते, म्हणजे जे शतकानुशतके मेंढरांत मेंढरांसारखे वावरून लांडग्या-अस्वलांना दूर ठेवीत आले तेच. माणसाने ते कसे वाढविले याची विचारपूस न करता जातीच्या नावावरून प्राणी गुन्हेगार ठरविण्याची ही खोड कोठून आली हे आम्ही सांगत बसत नाही. ज्यांस इतिहास माहीत आहे ते जाणतील.

मग राखण म्हणजे काय? सारा घोटाळा या शब्दाच्या अर्थात आहे. आपल्या डोळ्यांपुढे झुंज असते. आणि ज्यांनी या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला ते सांगतात की, राखण म्हणजे झुंज नव्हे, राखण म्हणजे व्यत्यय. अमेरिकेत रेमंड कॉपिंजर यांनी १९७० नंतरच्या दशकात तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया येथून धनगरी कुत्री आणून ती मेंढपाळांना वाटली आणि वर्षानुवर्षे त्यांचे निरीक्षण केले. त्यांस चांगल्या राखणदारात तीन गुण आढळले: कळपाला इजा न करण्याचा विश्वासूपणा, कळपाजवळच राहण्याची लक्षशीलता, आणि नवे काही दिसताच पुढे होऊन आडवे येण्याची वृत्ती. तिन्हींत कोठेही ठार मारण्याचे नाव नाही. शिकारी जनावर हिशेबी असते. त्याला जखम परवडत नाही. लंगडा बिबट्या उपाशी मरतो. दबा धरून येत असता मध्येच दोन-तीन कुत्री भुंकू लागली, माणूस जागा झाला, दिवा लागला, की त्याचा बेत बिघडतो आणि तो दुसरीकडे जातो. कुत्र्याने एवढे केले की त्याचे काम झाले. पण याला अट अशी की, भुंकणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी असले पाहिजे. एकट्या, बांधलेल्या कुत्र्याचे भुंकणे हा व्यत्यय नव्हे. ते जेवणाचे बोलावणे आहे.

आफ्रिकेतील नामिबिया देशात चित्ता संवर्धनाच्या कार्यकर्त्यांनी १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियाची कांगल कुत्री देण्याचा उपक्रम चालविला आहे. शेळ्यामेंढ्यांची हानी बरीच घटल्याचे तेथील बहुसंख्य शेतकरी सांगतात, आणि म्हणून चित्त्याला गोळी घालण्याचे कारणही त्यांस उरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच देशातून चित्ते आपल्या कुनोच्या जंगलात आले, त्यांची छायाचित्रे घराघरांत पोहोचली. त्याच देशात शेळ्या राखणाऱ्या त्या कुत्र्यांविषयी मात्र आपल्याकडे किती जणांनी ऐकले असेल? अर्थात या उदाहरणाचीही ओढाताण होऊ नये. चित्ता स्वभावाने भित्रा, दिवसा हिंडणारा. बिबट्या तसा नव्हे. म्हणून कांगल आणून जुन्नरच्या मळ्यात सोडले की कार्यभाग उरकला असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसणार नाही. घेण्यासारखी आहे ती तेथील जात नव्हे, तेथील रीत.

ही रीत अशी. पिल्लाच्या मनाची घडण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत होते. या काळात ज्यांच्या संगतीत ते वाढते त्यांना ते आपले मानते. म्हणून सहा-आठ आठवड्यांचे पिल्लू शेळ्या-करडांत ठेवतात, तेथेच त्याला जेवण, तेथेच झोप. घरच्या माणसांनी त्याला रोज हात लावावा, जवळ घ्यावे, पण त्याचे घर गोठा हेच राहू द्यावे. करडाचा कान चावला तर तत्क्षणी दटावावे. कोंबडी धरली तर हसून सोडून देऊ नये, कारण आज कोंबडी धरणारे उद्या करडू धरते. पहिले वर्ष हे त्याचे शाळेचे वर्ष. त्या वर्षात त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करणे म्हणजे पहिलीतल्या पोरावर घरखर्च टाकणे होय. दीड-दोन वर्षांनी ते कामाला येते. आमच्या बंधूंना मात्र शनिवारी बाजारातून पिल्लू आणून रविवारी ते बिबट्यावर धावून जावे असे वाटते.

हे सर्व परदेशचे पांडित्य आहे, असे कोणास वाटल्यास त्याने आपल्याच धनगरांच्या तळावर एक रात्र काढून यावे. मेंढ्या वाघरीच्या आत, सभोवार दोन-चार कुत्री, मध्ये जागी माणसे, धुमसती शेकोटी, आणि कुत्र्यांना मेंढ्यांत जन्मल्यापासूनची सवय. तेथेही लांडगा येतो, तेथेही मेंढरू जाते. पण तेथे कुत्रे एकटे नसते. एक भुंकले की सर्व भुंकतात, सर्व भुंकले की म्हातारा काठी आपटून उठतो. कुत्रे हा त्या व्यवस्थेचा एक अवयव आहे. आपण तो अवयव तोडून आणला, अंगणात बांधला, आणि तो काम करीत नाही म्हणून त्यालाच बोल लावतो. हिमाचलातील गद्दी लोकांचीही हीच पद्धत. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा रुंद पट्टा असतो, कारण तेथेही गाठ बिबट्याशी आणि बिबट्याची गाठ गळ्याशी. या गद्दी कुत्र्याची स्वतंत्र जात म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेत २०२५ साली नोंद झाली. आमच्या धनगरांच्या कुत्र्याला अद्याप सर्वजण 'गावठी' या एकाच नावाने हाक मारतात. तो काट्यांचा पट्टा कोणताही लोहार वा चांभार करून देईल. पुण्यातल्या दुकानांत कुत्र्यांसाठी रेशमी गळपट्टे व पावसाळी अंगरखे मिळतात. काट्यांचा पट्टा मागितला तर दुकानदार तोंडाकडे पाहतो, यातच सर्व आले.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे, आणि तो गावातून येतो, म्हणून त्याला आम्ही मानही अधिक देतो. गावकरी म्हणतात, कुत्र्याचे पुराण पुरे करा. बिबटे उचलून न्या. ज्याच्या घरातले मूल गेले त्याला सबुरीचा उपदेश करण्याइतके आम्ही निर्दय नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावल्यावर, शेतकरी बायाबापड्यांनी स्वतःच्याच गळ्यात खिळ्यांचे पट्टे अडकवून शेतात कामे केल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. जो पट्टा आपण कुत्र्याला दिला नाही तो अखेर माणसाला घालावा लागला! या भीतीची थट्टा कोणी करू नये. पण उचलून नेण्याचा उपाय जुन्नरला एकदा करून झाला आहे, आणि त्याचे फळ नोंदलेले आहे. २००१ पासूनच्या तीन वर्षांत तेथील वस्तीतून २९ बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरांवरच्या संरक्षित जंगलांत सोडण्यात आले. त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांचे वार्षिक प्रमाण ४ होते; सोडणे सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. परक्या मुलखात टाकलेले, भेदरलेले जनावर आणि रिकाम्या झालेल्या जागेत शिरलेले नवे जनावर, दोन्ही जुन्यापेक्षा वाईट. अकोल्याच्या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच प्रौढ बिबटे राहतात असे २०१३ साली छायाचित्रांच्या पुराव्यानिशी सिद्ध झाले. ते रानातून चुकून आलेले नव्हेत. उसात जन्मलेले, उसात वाढलेले आहेत. धरणांचे पाणी आले, ऊस आला, उसाबरोबर बारमाही दडण आले, आणि वस्तीवस्तीवर मोकाट कुत्री व डुकरे यांचे कोठार आपण भरून ठेवले. अशा स्थितीत एक बिबट्या नेला तर त्याची जागा किती दिवस रिकामी राहील? जो बिबट्या माणसावर सोकावला आहे त्याची गोष्ट निराळी; त्याला पकडलाच पाहिजे, आणि त्यात दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास जाब विचारला पाहिजे.

तिसरा पक्ष प्राणिशास्त्रज्ञांचा आणि त्यांच्या मागून बोलणाऱ्या निसर्गप्रेमी मंडळींचा. त्यांचे म्हणणे, कुत्रे हेच मुळी अनर्थाचे कारण. ते पाळूच नका. या पक्षाशी आमचे अर्धे मत जुळते, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. सेरेंगेटीच्या मैदानात १९९४ साली कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसहून अधिक सिंह दगावले त्यातही याच विषाणूचा हात आढळला. पुण्याजवळच्या माळावरील लांडग्यांत कुत्र्याचे रक्त मिसळल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने दाखविले. मोकाट, बेवारस, लसीविना वाढणारी कुत्री ही माणसाला, जनावराला आणि रानालाही शापच आहेत. परंतु या मंडळींस आम्ही एवढेच विचारतो की, शेताच्या मध्यावर, रस्त्यापासून अर्ध्या कोसावर, विजेच्या लहरीवर जगणाऱ्या एकाकी वस्तीला रात्री जागे कोण करणार? कॅमेऱ्याची तार उंदीर खातो, भारनियमनात भोंगा मुका होतो. कुत्र्याच्या नाका-कानाला अद्याप तोड निघालेली नाही. तेव्हा मोकाट दहांऐवजी पाळलेली दोन असावीत, त्यांना रेबीजची व डिस्टेंपरची लस वेळेवर टोचलेली असावी, नको असलेली वीण होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया झालेली असावी, आणि उकिरडा झाकलेला असावा, हा त्या अर्ध्या मतभेदाचा निकाल आम्हांस दिसतो. हॉटेलांचे खरकटे व कोंबडीवाल्यांची घाण नाक्यावर फेकावयाची आणि मग कुत्री वाढली, बिबट्या आला म्हणून गळा काढावयाचा, हे मात्र आता पुरे झाले.

कुत्र्याच्या मर्यादाही येथेच सांगून टाकाव्यात, म्हणजे आम्ही त्याची भलावण करीत आहो असा समज राहणार नाही. कोकणात रानडुकराला दोन-तीन धीट कुत्री वाडीबाहेर काढतात, पण जखमी किंवा पिल्लांच्या डुकरिणीवर घातलेले कुत्रे आतडी घेऊन परत येते. विदर्भातल्या अस्वलाच्या मुलखात कुत्रे बरोबर नेणे हाच धोका. ते अस्वलाला छेडते आणि मग धन्याच्या पायांत येऊन दडते, अस्वल पाठोपाठ असतेच. वाघापुढे कुत्र्याचा उपयोग एवढाच की, ते आपल्या आधी मरते. दोडामार्गच्या हत्तीपुढे तर ते मुकेच ठेवावे. ज्याला या जनावरांतला भेद कळत नाही त्याने राखणीचे कुत्रे बाळगू नये.

शेवटी खर्चाची व अडचणीची गोष्ट. शेतमजुराची झोपडी आणि तिच्या दारातले हाडकुळे कुत्रे यांस उद्देशून यातला एकही शब्द नाही. ज्याच्या स्वतःच्या पोरांना पक्के दार नाही त्याने कुत्र्याला पक्के घर द्यावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. ते दार त्याला मालकाने व सरकारने दिले पाहिजे. आमचा वाद आहे तो सहा खोल्यांचे घर बांधून, संगमरवरी पायऱ्या लावून, बागेत दिव्यांच्या माळा सोडून कुत्र्यासाठी खुंटी ठोकणाऱ्या आमच्याच वर्गाशी. हा वर्ग सोमवार ते शुक्रवार शहरात असतो. कुत्रे वाडीवर असते, त्याला भाकरी घालणारा रखवालदार आठवड्यातून दोनदा येतो, आणि कुत्र्याने मात्र सातही रात्री इमान राखावयाचे असते! ज्यांना तेथे राहावयाचे नाही त्यांनी कुत्रे पाळूच नये. ज्यांना राहावयाचे आहे त्यांनी दोन पाळावीत, दिवसा मोकळी सोडावीत, गळ्यात काट्यांचा पट्टा घालावा आणि दिवेलागणीला आत घ्यावीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना कुत्रे घरात खपत नाही, सोवळेओवळे मोडते, ही अडचण आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी पडवी आहे. पडवीच्या उघड्या बाजूला जाड तारेची जाळी, वर पक्के छप्पर आणि आतून लागणारी कडी असली म्हणजे कुत्रे तेथून सारी रात्र ऐकते, हुंगते, भुंकते. बिबट्याला दिसले तरी सापडत नाही, आणि घरातल्यांना जागे करण्याचे त्याचे काम तसूभरही अडत नाही. शेळ्यांचा गोठा लागूनच असल्यास मधले दार उघडे ठेवावे. हे काम एका सुताराचे व एका लोहाराचे, फार तर दोन दिवसांचे आहे. कार्तिकात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि मळ्यामागून मळे उघडे पडू लागतात, त्यापूर्वी ते उरकून घ्यावे.